कापड 'चांगलं' म्हणजे कोणतं?

जून आला की आपल्या सोलापुरात दोन गोष्टींची वाट बघितली जाते. एक पाऊस आणि दुसरा शाळेचा गणवेश. २०२४-२५ साली राज्य सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' आणला तेव्हा ही वाट फारच लांबली. कापड राज्य पातळीवर एकदम खरेदी करायचं, शिलाई महिला बचत गटांकडून करून घ्यायची आणि सरकारी शाळांत वाटायचं, असं ठरलं होतं. कितीतरी शाळांत पोरं महिनोन् महिने जुन्याच कपड्यांत आली. कुठे गणवेश आला तर मापात बसेना. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं.

त्या सगळ्या गदारोळात मी एक गोष्ट कान देऊन ऐकत होतो. लोक उशिराबद्दल बोलले, मापाबद्दल बोलले, रंगाबद्दल बोलले. कापडाबद्दलही बोलले, पण काय? 'हलकं आहे.' 'चांगलं नाही.' 'बरं दिसतंय.' बास. कापड कोणतं आहे, त्यात सूत किती आणि पॉलिस्टर किती, वीण कसली, सोलापूरच्या उन्हाला ते चालेल का, हे विचारताना मी फार कमी जणांना ऐकलं. विचारायला आपल्याकडे शब्दच उरलेले नाहीत.

आणि ही अवस्था कुठल्या गावाची? ज्या गावात १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली, ज्या गावाच्या चादरीला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे, जे गाव आज देशभराच्या शाळांचे गणवेश शिवतं, त्या गावाची. म्हणून आज जरा कापडाच्या नावांबद्दल लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

माझे आजोबा जुन्या मिलच्या साचेखात्यात होते. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दुकानात गेली की ताग्याचं टोक चिमटीत धरून चुरगळायची, सोडायची, उजेडाकडे धरून बघायची आणि सांगायची, 'ह्यात खळ लई हाय, धुतलं की निस्तं जाळं राहील.' तिच्या तोंडी कापड हा एक शब्द नव्हताच. तिथे मांजरपाट होता, लठ्ठा होता, मलमल होती, वायल, पॉपलिन, ड्रिल, फलालीन, गादीपाट, चीट, खण असं सगळं होतं. आणि प्रत्येक नावाबरोबर त्याचं काम ठरलेलं होतं.

मांजरपाट म्हणजे कोरं, पिवळसर, जाडसर साध्या विणीचं कापड. विरंजन केलेलं नसायचं, म्हणून स्वस्त. बंड्या, परकर, उशांचे अभ्रे, धान्याच्या पिशव्या, कुरडया आणि पापड वाळत घालायचं कापड, सगळं मांजरपाटाचं. माणूस गेला की त्याच्या अंगावर घालायलाही हेच कोरं कापड आणायचे.

लठ्ठा त्याहून घट्ट आणि पांढराशुभ्र. पायजमा, लेंगा लठ्ठ्याचा, कारण मांडी घालून बसणाऱ्या माणसाचं कापड गुडघ्याला आणि बैठकीला आधी विरतं. मलमल विरळ आणि मऊ. तान्ह्या बाळाची झबली-टोपडी मलमलीची, आणि श्रीखंडाचा चक्का बांधायलाही मलमलच. एकाच गुणाचे हे दोन उपयोग आहेत. विरळ विणीतून बाळाच्या अंगाला वारा लागतो आणि दह्यातलं पाणी गळून जातं.

गादीपाट मात्र बरोबर उलटा. इतका दाट विणलेला की आतला कापूस बाहेर डोकावत नाही. पट्ट्यापट्ट्यांचा गादीपाट तुम्ही पाहिला असेल. ड्रिलची वीण तिरकी, त्यामुळे कापड जाड होतं तरी वळतं. शाळेची खाकी हाफपँट ड्रिलची असायची, कारण ती पोराने झाडावर, भिंतीवर, मातीत कुठेही घासली तरी टिकायला हवी. फलालीन कापूस पिंजल्यासारखी लवदार. त्या लवेत हवा अडकते आणि ऊब धरून राहते. म्हणून थंडीत लेकराच्या अंगाला फलालीन. आंघोळीनंतर अंग पुसायचा पंचा पातळ, कारण तो दिवसातून दोनदा वाळला पाहिजे. सोलापुरी टॉवेलवर मात्र सुताचे उभे फासे असतात. प्रत्येक फासा पाणी पितो. तो जास्त टिपतो आणि वाळायला जास्त वेळ घेतो.

घोंगडी तर वेगळाच जिन्नस. दख्खनी मेंढीची राठ लोकर, खड्डामागावर विणायची आणि वरून चिंचोक्याची खळ द्यायची. टोचते, पण पावसात डोक्यावरून खोळ करून घेतली की पाणी बराच वेळ आत येत नाही. शेतात अंथरायला तीच, थंडीत पांघरायला तीच. गुराखी आणि मेंढपाळ ती उगाच नव्हते बाळगत.

चोळीचा खण विणायचे गुळेदगुड्ड्याला आणि लुगडं इरकलला. ही दोन्ही गावं आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहेत, पण त्यांच्या मागांवरचा माल पिढ्यान् पिढ्या आपल्या बाजारात येत राहिला. सीमा नकाशावर आली, बायकांच्या पेटीत आली नाही.

आता बघा, ह्या नावांत किती माहिती भरलेली होती. सुताला क्रमांक असतो. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तो सुताचा क्रमांक. म्हणजे २० नंबरचं एक पौंड सूत १६,८०० वार लांब जातं आणि ८० नंबरचं ६७,२०० वार. नंबर चढला की सूत बारीक, कापड तलम, भाव वर. आजीला हे गणित येत नव्हतं, पण त्याचं उत्तर तिच्या चिमटीत होतं.

कापडाला वयही असायचं. नव्या लुगड्याची घडी सणाला मोडायची. वर्षभराने ते रोजच्या नेसणीत यायचं. विरलं की चार लुगड्यांचे थर लावून वाकळ शिवायची. एवढं धुतलेलं सुती कापड मऊ होतं, म्हणून त्यातलंच बाळाचं दुपटं आणि लंगोट. बायकांच्या महिन्याच्या अडचणीला तेच. मग स्वयंपाकघरात तव्याची कड धरायला मसोतं, मग जमीन सारवायला पोतेरं. अगदी शेवटची चिंधी पिळून काकडा करायचे आणि पेटवायचे. नऊ वार कापडातलं एक वीतभर कापडही उकिरड्यावर जायचं नाही. हे 'पर्यावरणप्रेम' नव्हतं. कापड महाग होतं आणि घरात पैसा कमी होता, एवढंच.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, 'वा, जुनं ते सोनं!' थांबा. ह्याच नावांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कापडाचं नाव जसं त्याचा उपयोग सांगायचं, तसं माणसाची पायरीही सांगायचं. आलवण हे एका कापडाचं नाव. जाडंभरडं, तांबड्या रंगाचं. ब्राह्मण घरातली बाई विधवा झाली, तिचं केशवपन झालं, की तिला आयुष्यभर आलवण नेसावं लागायचं. आठ-दहा वर्षांच्या पोरींनाही ते चुकलं नाही. दुकानात ते नाव घेतलं की ते कुणासाठी हे वेगळं विचारावं लागत नसे.

जातीचंही तेच. लुगडं गुडघ्याच्या किती वर नेसायचं, काठ कुठला असावा, दागिना चांदीचा की गिलटाचा, ह्यावरून लांबून जात ओळखू यायची आणि ओळखू यावी अशीच ती व्यवस्था होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या बायकांशी बोलताना नेमका ह्यालाच हात घातला. लुगडं पांढरपेशा बायकांसारखं पायघोळ नेसा, अस्पृश्यतेची खूण असलेले दागिने टाका, कापड फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. बायकांनी ते लगेच अमलात आणलं. चवदार तळ्याचं पाणी आणि लुगड्याची नेसण, दोन्ही एकाच लढ्याचा भाग होते.

म्हणून मी ह्या विषयाकडे असं बघतो. जुन्या नावांत दोन गोष्टी एकत्र विणलेल्या होत्या, कापडाचा गुण आणि माणसाचा दर्जा. पुढच्या शंभर वर्षांत दर्जाची खूण बरीच पुसली गेली. फार बरं झालं. पण तिच्याबरोबर गुणाचं ज्ञानही पुसलं गेलं, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतोय.

हे पुसलं कसं गेलं, ते थोडक्यात.

एकेकाळी जग आपल्याकडून कापडाची नावं घेत होतं. कालिकतवरून कॅलिको, छिटावरून इंग्रजीतलं चिंट्झ, बांधणीवरून बंडाना. मुंबईच्या डोंगरीजवळ विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून डंगरी. परदेशातले कामगार आणि खलाशी जी डंगरी घालायचे तिच्या नावात आपली डोंगरी आहे. मग यंत्रं आली, लँकेशायरचं कापड आलं आणि प्रवाह उलटा फिरला.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली गिरणीची कंपनी काढली, दोन वर्षांत ताडदेवला सूत निघू लागलं. १८७७ च्या सुमारास नागपूरला एम्प्रेस मिल आणि सोलापूरला आपली जुनी मिल सुरू झाली. इथल्या गिरण्या जाडं कापड काढायच्या, गरिबाच्या अंगावरचं. तलम माल मँचेस्टरचा. तरीही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना ही स्पर्धा खुपली. सरकारला पैशाची गरज होती म्हणून आयात कापडावर कर बसला, तर त्याची भरपाई म्हणून १८९६ साली हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, अबकारी कर लादला. जे जाडं कापड लँकेशायर विणतही नव्हतं, त्याच्यावरही! हा कर जायला १९२५-२६ उजाडावं लागलं. आपल्या आजे-पणज्यांच्या मांजरपाटाचा भाव ठरवताना मँचेस्टरच्या मालकाची सोय बघितली जात होती, हे लक्षात घ्या.

म्हणून महाराष्ट्रात स्वदेशीची गोष्ट कापडापासून सुरू होते. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादीच्या कपड्यांत गेले, तेव्हा गांधीजी सात वर्षांचे होते. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकसमोर आडवा पडलेला बाबू गेनू चिरडला गेला. तो स्वतः गिरणी कामगार होता. कापडासाठी जीव जातो हे आज खोटं वाटेल, पण आपलं गाव त्याच वर्षी काय सोसत होतं ते आठवा. १९३० साली सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात इथे मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. त्यांचा पुतळा आपण रोज ओलांडून जातो.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. गिरण्यांचा माल सैन्याकडे वळला आणि बाजारातलं कापड आटलं. १९४३ साली सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं. रेशनवर कापड मिळू लागलं. म्हातारी माणसं 'कंट्रोलचं कापड' म्हणतात ते इथून सुरू झालं. स्वातंत्र्यानंतरही ते वेगवेगळ्या रूपांत चालू राहिलं. १९६४ पासून गिरण्यांना ठरावीक प्रमाणात स्वस्त, नियंत्रित भावाचं धोतर, साडी, लठ्ठा असं कापड काढावं लागे. गिरणीवाले ते काढायचे, पण मन लावून नाही, कारण त्यात तोटा. १९७६ पासून जनता कापड आलं, ते हातमाग विणकरांकडून विणून घ्यायचं. गरिबाला कापड आणि विणकराला काम, असा दुहेरी हेतू. हेतू चांगलाच होता. पण जनता साडी नेसलेली बाई चारचौघींत ओळखू यायची. सरकारी कापडाने दर्जाची खूण नव्याने चिकटवली.

ह्याच काळात टेरिलिन आणि टेरिकॉट बाजारात आलं. १९४१ साली इंग्लंडमध्ये शोधलेला पॉलिस्टरचा धागा साठच्या दशकात आपल्याकडे तयार व्हायला लागला, आणि लग्नात नवऱ्यामुलाला टेरिकॉटची पँट म्हणजे काय मान होता, ते पन्नाशीपुढच्यांना विचारा. १९८२ साल दोन गोष्टींनी लक्षात राहतं. जानेवारीत मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी दत्ता सामंतांच्या मागे संप सुरू केला. तो कधी रीतसर संपलाच नाही. आणि त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. मुंबईचे साचे थांबले. कापड विणायचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरतेच्या यंत्रमागांकडे गेलं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला रस्ता मोकळा केला. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगेही एकेक करून बंद पडले. जुनी मिल तर १९६३ सालीच बंद झाली होती.

आता पॉलिस्टरला शिव्या घालणं फार सोपं आहे. मी घालणार नाही. नऊवारी सुती लुगडं ओलं झालं की किती जड होतं, हे ते विहिरीवर धुणाऱ्या बाईला विचारा. पावसाळ्यात ते तीन-तीन दिवस वाळायचं नाही आणि घरात दुसरं नसायचं. नायलॉनची, पॉलिस्टरची साडी आली, ती पिळली की तासाभरात वाळली. इस्त्री नको, खळ नको, पाच-सात वर्षं फाटायचं नाव नाही. घरकामाला, शेतात, विडीच्या कारखान्यात जाणाऱ्या बायांना पहिल्यांदाच कमी पैशांत दोन-चार साड्या मिळाल्या. रंग उठावदार आणि काठ झगमगीत. लांबून बघणाऱ्याला ही कुणाची बाई हे ओळखू येईना. आलवण आणि जाडं लुगडं ज्या पायऱ्या दाखवायचे, त्या झाकायचं बरंचसं काम स्वस्त कापडाने केलं. त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे.

पण गुणाचं काय? पॉलिस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओल धरत नाही. कापूस आठ टक्क्यांच्या आसपास धरतो. म्हणजे घाम आला तर सुती कापड तो पितं, पॉलिस्टर तो अंगावरच ठेवतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात बसलेल्या पोराला हा फरक पुस्तकातून शिकवावा लागत नाही. त्याच्या मानेवरचं घामोळं तो शिकवतं.

त्याहून गंभीर गोष्ट चुलीजवळची. सुती कापड पेटतं, जळतं, त्याची राख होते. पॉलिस्टर, नायलॉन आधी वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. अशी भाजलेली जखम खोल जाते. स्वयंपाक करताना, दिवाळीत फटाके उडवताना सुती नेसावं, हे पूर्वी घरातल्या मोठ्या बाया सांगायच्या. आज तीच गोष्ट सांगायला आपल्याला डॉक्टर लागतो.

आणि वाकळ? पॉलिस्टरच्या साड्यांची वाकळ शिवतात हल्ली, दिसते छान, पण घाम टिपत नाही. त्या साडीचं मसोतं करता येत नाही, कारण गरम भांड्याला लागलं तर वितळतं. फरशीचं पाणी ती टिपत नाही. वात होत नाही. म्हणजे त्या साडीला एकच जन्म. दुसरा जन्म नाल्यात. आपल्या ओढ्या-नाल्यांत काठाकाठाने अडकलेल्या त्या रंगीत चिंध्या बघा, त्या वर्षानुवर्षं तशाच असतात.

मंडळी, हा सगळा इतिहास मी सांगतोय कारण कापडाचे निर्णय आजही घेतले जातायत आणि आपल्याला ते निर्णय वाटतच नाहीत.

राष्ट्रध्वजाचं उदाहरण घ्या. पूर्वी ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा हातकताई, हातविणाईच्या खादीचाच असायचा. आपल्याकडे नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आणि शेजारी हुबळीजवळचं बेंगेरी इथे हे काम वर्षानुवर्षं चालत आलंय. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरचा आणि पॉलिस्टरचाही ध्वज चालेल असं ठरलं. घराघरांत तिरंगा पोचायचा तर तो स्वस्त हवा, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण ज्या झेंड्यासाठी आपल्या गावचे चौघे फासावर गेले, त्याचं कापड बदलताना आपल्या गावात त्यावर चर्चा झालेली मला तरी आठवत नाही.

अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी द्यायची राज्याची योजना आहे, यंत्रमागावर विणलेली. गरिबाला साडी आणि यंत्रमागाला काम, म्हणजे १९७६ चाच हिशोब. तिच्यावर राजकीय वाद भरपूर झाले. फोटो कुणाचा, पिशवी कुठली, निवडणूक कधी. ती साडी कुठल्या धाग्याची असावी, तिची वाकळ होईल का, हे विचारलं कुणी?

आणि गणवेश. तो आता पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात आहे. ह्या समितीत पालक बहुसंख्य असतात, म्हणजे तुम्ही-आम्हीच. मुंबईत ठरत होतं तोवर आपण मुंबईला नावं ठेवत होतो. आता दोष द्यायला कुणी उरलं नाही. गणवेशाची रक्कम तुटपुंजी आहे, मान्य. त्या पैशांत शंभर टक्के सुती मिळणार नाही, हेही मान्य, आणि धुवायला-टिकायला थोडं पॉलिस्टर मिसळलेलं बरंही पडतं. पण सदऱ्याला सुताचं प्रमाण जास्त असलेलं कापड आणि पँटला, स्कर्टला टिकाऊ तिरक्या विणीचं, एवढी निवड तरी आपण करू शकतो. नुसतं 'कापड चांगलं बघा' म्हणून सोडलं तर दुकानदार चमकणारं कापड काढेल, आणि बहुतेक वेळा ते सगळ्यात जास्त पॉलिस्टरचं असेल.

पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. ह्यात कुठला धागा किती टक्के? (ताग्यावर हे छापायचा नियम १९८८ पासून आहे, तो छापा दाखवायला सांगा.) धुतल्यावर किती आटतं? आणि खळ निघून गेल्यावर कसं दिसतं? नमुन्याचा तुकडा घरी आणून दोनदा धुवा, तिसरं उत्तर आपोआप मिळेल.

छाप्यावर विश्वास नसेल तर आजीची दुसरी परीक्षा आहे. कापडाचे चार धागे काढा, चिमट्यात धरा, जवळ पाण्याची वाटी ठेवा आणि काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ करडी राख म्हणजे सूत. केस जळल्यासारखा वास म्हणजे रेशीम किंवा लोकर. धागा आक्रसून वितळला आणि मागे कडक काळा मणी राहिला तर पॉलिस्टर. राख पण आहे आणि टोचणारे कणही आहेत, तर मिसळ. लहान मुलांना करू देऊ नका, पण करताना त्यांना शेजारी बसवा. बघू द्या.

कापडाची जुनी उतरंड परत यावी असं कुणालाच वाटत नाही, मला तर नाहीच. पण आपल्या अंगाला काय लागतंय, ते नाव घेऊन सांगता यायला हवं. नाव घेता आलं तरच मागता येतं, आणि नको असेल तर नाकारताही येतं.

तुमच्या घरात कापडाची कुठली नावं ऐकलीत? चादर, धोतर, फडकं, पडदा, काहीही चालेल. कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात वेगळी नावं असणार. खाली लिहा, सोबत ते कशासाठी वापरायचे तेही लिहा. घरात म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळी त्यांनाच विचारा. आणि शाळेच्या समितीची बैठक कधी आहे, ते उद्या विचारा.